बिराप्पानं बॅटरी बदलली न्हवती

बिराप्पाला चोर म्हणलं. ते बी एका बॅटरीवरनं. ज्या माणसानं हयातीत गिऱ्हाइकाचा जळका फ्यूजसुदिक खिशात घातला न्हाई, त्येला. आता बिराप्पा न्हाई, म्हणून हे आमाला सांगाय लागतंय. त्यो असता तर त्येनंच सांगितलं असतं, आणि त्येच्या तोंडनं ऐकताना ऐकणाऱ्याच्या कानातलं किडं झडलं असतं.

कवठे महांकाळच्या पल्याड माळावर त्येचं नि आमचं गाव. बाप मेंढरामागं फिरणारा. कर्नाटक जवळ, त्यामुळं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. बिराप्पा दहावी झाला आणि मिलिट्रीत भरती झाला. तिथं त्येला गाड्यांच्या वायरिंगवर घातलं. राजस्थान झालं, आसाम झालं, पेन्शन घिऊन गडी परत आला आणि सांगलीत मिरजंच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घालून बसला. रिक्षा, ट्रॅक्टर, हळदीचं टेम्पो, साळंच्या व्हॅना, सगळं त्येच्याकडं.

मिलिट्रीतनं त्येनं दोन गोष्टी आणल्या. एक हिंदीतल्या शिव्या. दुसरी सवय अशी की गाडीतनं जे काय जुनं निघंल ते कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचं. जळका बल्ब आसूं द्या, तुटकी तार आसूं द्या. मालक म्हणायचा, आरं टाक की तिकडं. ह्यो म्हणायचा, तू टाक, तुजं हाय. रस्त्याला गटार हुतं, तिथं जाऊन लोकं टाकायची, पर बिराप्पानं कवा टाकलं न्हाई.

रागीट हुता, हे खरं. माणसावर कमी, तारंवर जास्त. ट्रकवाली पोरं हॉर्नची, लायटीची तार मधी फ्यूज नाय, बटण नाय, अशी सरळ बॅटरीला जोडून आणायची. त्येला ती डायरेक्ट म्हणत्यात. डायरेक्ट दिसलं की बिराप्पा उभा ऱ्हायचा. "चुलीवर दूध ठिवून जत्रंला जातोस व्हय रं तू?" मग तासभर त्या पोराला शेडबाहीर उभं करून ती तार उपटून नवी, बटण लावून, फ्यूज लावून टाकायचा. बायकू मायाक्का डबा घिऊन यायची ती म्हणायची, ह्येंच्यासंगं संसार करण्यापरास तार झाले असते तर बरं, निदान दिवसभर माज्याकडं बघितलं तरी असतं. ह्यो हसायचा. हसला की लय हसायचा.

असल्या माणसाकडं ती लाल गाडी आली.

गाडी जयराजची. जयराज कृष्णाकाठच्या एका गावचा. ऊस बक्कळ, बाप रस्त्याचा ठेकेदार, घरात टिपर, जेसीबी. त्या टिपरांची वायरिंगची कामं पहिल्यापासनं बिराप्पाकडं, म्हणून वळख. पोराला निवडणुकीला उभं ऱ्हायचं डोहाळं लागलंतं. त्येनं मुंबईवरनं ती गाडी आणली, परदेशातली, शर्यतीची. इंजिन मागं आणि डिकी म्होरं, बॅटरी बी त्या डिकीतच. उंचीला म्हशीच्या पोटाएवढी. गावातल्या गतिरोधकावर पोट घासायचं म्हणून म्होरं दोघं जण लाकडाच्या फळ्या घिऊन चालायचं, फळी टाकायची, गाडी वर घ्यायची, फळी उचलायची. शर्यतीची गाडी, आणि पायी चालणारी माणसं तिच्या म्होरं. आठवडाभर घरच्या शेडात उभी, रविवारी सांगलीला एक चक्कर, फोटू, की परत शेडात.

ती गाडी दर तीन-चार दिसांनी मरायची. बॅटरी झोपायची. चावीचं बटण दाबलं तर दार बी उघडायचं न्हाई.

पहिल्यांदा दुसऱ्या गाडीवर चढवून ती बिराप्पाकडं आणली तवा त्यो लय खूष झाला. असली गाडी त्येनं जन्मात उघडलेली न्हवती. हात साबणानं धुतलं, गाडीवर चादर टाकली, पायातली चप्पल काढली. मायाक्का म्हणली, माज्या घरात येताना तरी काढा.

आता गाडी बंद करून उभी केली तरी ती थोडं खातीच. घड्याळ असतंय, चोराचा भोंगा असतोय, आतला काम्प्युटर असतोय. तेवढं चालतंय. पर त्येच्यावर आणि काय खात असंल तर बॅटरी रिकामी हुती. ते खाणारं कोण, ते शोधायचं. बिराप्पाची रीत अशी. बॅटरीची मायनसची तार सोडायची, मधी मीटर लावायचा. झाकणाचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरनं दाबून ठेवायचं, म्हंजे गाडीला वाटतंय झाकण लागलं. मग गप बसायचं, गाडी झोपूस्तवर. झोपली की मीटरवर आकडा बघायचा. आकडा जास्त असंल तर एक-एक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्या लायनीत.

त्येनं सगळं केलं. आकडा इवलासाच. हवा तेवढाच. बॅटरीजवळ एक टोपण लावल्याली पिन लोंबत हुती, ती बी त्येनं बघितली. असल्या गाड्या उभ्या असतात म्हणून त्येंना घरी चार्जर लावत्यात, त्येची पिन असती तसलीच ती. पिनेला काय जोडल्यालं न्हवतं. त्येनं टोपण परत लावलं.

आठवडाभर गाडी शेडात ठेवली. रोज सकाळी बटण दाबलं की पहिल्या झटक्याला चालू. रस्त्यावरची लोकं आवाज ऐकाय थांबायची. बिराप्पानं गाडी परत धाडली. चौथ्या दिशी फोन, मेली.

परत आणली. परत तेच. बिराप्पाकडं जित्ती, घरी गेली की मेली. मग पुण्यासनं कंपनीची इंजिनेर आली, ब्राह्मी म्हणून, सांगलीच्याच जैन घरातली पोरगी. तिनं बिराप्पाच्या शेडातच लॅपटॉप लावला, दोन दिवस बसली, तिला बी काय गावलं न्हाई. तिनं आपली नवीकोरी बॅटरी घालून दिली आणि सांगून गेली की बघा आता. चार-पाच दिवस झालं, ती नवी बी झोपली. गाडी परत बिराप्पाकडं. त्येनं चार्जिंग केलं, तपासलं, नवी हाय, चांगली हाय, म्हणून धाडली.

त्येच आठवड्यात जयराजची गावात बैठक हुती. चार गावची पोरं जमलीती. हार घालून झालं, घोषणा झाल्या, ह्यो गाडीत बसला, बटण दाबलं आणि गाडी गप. मग त्याच पोरांनी ती ढकलली. ढकलताना कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि दुपारपतोर ते सगळ्या तालुक्यात फिरलं. खाली लिवल्यालं, नेते निघाले विधानसभेला, धक्का मारा.

संध्याकाळी जयराज चार गाड्या घिऊन बिराप्पाच्या शेडावर. रिक्षावालं हुतं, चहावाला हुता, हळदीच्या टेम्पोचं डायवर हुतं. सगळ्यांच्या म्होरं म्हणला, "नवी बॅटरी काढून जुनी घातली ह्येनं. चोर हाय ह्यो."

बिराप्पा म्हणला, "दादा, बॅटरीवर नंबर हाय. तेवढा बघा आणि मग बोला."

"नंबराचं स्टिकर कुठंबी चिकटवता येतंय. आमाला काय येडा समजतोस?"

आता नव्या बॅटरीचा नंबर जयराजनं कुठं बघून ठेवलावता? जुळवायचा कशासंगं? त्येनं शेडावरच्या पाटीचा फोटू काढला, बिराप्पाचा काढला आणि तिथंच उभं राहून मोबाईलवर स्टेटस ठेवला. बॅटरीचोर, सावधान. पाटीवर बिराप्पाचं नाव मोठ्या अक्षरात, ते बी वाचाय येतंय असं.

ज्या माणसानं मिलिट्रीच्या गाड्या सांभाळल्या, त्येला ह्यो कालचा पोर चोर म्हणून गेला. आणि तिथल्या एकानं बी म्हणलं न्हाई की दादा, थांबा. त्याच रिक्षावाल्यांच्या हातात बिराप्पानं कितीदा त्येंचा जळका बल्ब कागदात बांधून दिला आसंल. चहावाला तेवढा उशिरा म्हणला, जाऊ द्या, मोठी लोकं. बिराप्पानं त्येचा चहा त्या दिसापासनं सोडला.

मग सुरू झालं. रिक्षावालं पैलं चेष्टा म्हणून करायचं, शेडात गाडी लावली की बॅटरीवर हात ठेवून बसायचं. आण्णा, लक्ष हाय बरं का. बिराप्पा पैलं हसला बी असंल. फुडं फुडं एक ट्रॅक्टरवाला स्टूल टाकून काम हुस्तवर डोळं लावून बसला, ती चेष्टा न्हवती. साळंच्या व्हॅनचा डायवर गाडी सोडून जाताना बॅटरी सोडवून घरी घिऊन गेला. आवं, वायरिंगचं काम बॅटरीबिगर कसं करायचं? बिराप्पा त्येला म्हणला, तुजी बॅटरी आण, न्हाईतर व्हॅन ने. त्येनं व्हॅन नेली.

आणि गावाकडं तर इच्यारूच नका. जत्रंत बिराप्पा गेला तर बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर चुलत भाऊच म्हणला, काय बिराप्पा, पेन्शन पुरंना व्हय? बिराप्पा नारळ तसाच हातात घिऊन माघारी आला. मायाक्कानं इच्यारलं नारळ का फोडला न्हाई. त्येनं नारळ भिंतीवर फोडला.

जेवायचा बंद झाला. ताट म्होरं असायचं आणि ह्यो बोटानं ताटावर तारा काढायचा, ही इकडनं आली, ही तिकडं गेली, मग खातंय कोण. मायाक्का म्हणायची, सोडा, गाडी त्येंची, मरूं दे. ह्यो म्हणायचा, गाडी मरूं दे गं, मला कशाला मारतीया. त्येला आता गाडी दुरुस्त करायची न्हवतीच. त्येला एवढंच पायजे हुतं की ज्या तोंडानं चोर म्हणलं त्या तोंडानं न्हाई म्हणावं. आणि त्येला ठाऊक हुतं, खाणारं गावल्याबिगर ते हुणार न्हाई.

शेवटी त्येनं ब्राह्मीला फोन लावला. त्येला वाटलं ती उचलणार न्हाई. तिनं उचलला. तिनं तो स्टेटस बघितला हुता, तिला बी वाईट वाटलं हुतं. म्हणली, तुम्ही बॅटरी बदलली नाही हे मला माहीत आहे, पण माझ्या माहीत असण्यानं काय होणार. मग जरा इचार करून म्हणली, "काका, ती गाडी तुमच्याकडं मरत नाही, माझ्यासमोरही मेली नाही. घरीच मरते. तुम्ही एकदा घरी जाऊन, जिथं उभी असते तिथंच मीटर लावा. काही हलवू नका, काही काढू देऊ नका."

हे आपल्याला का सुचलं न्हाई म्हणून बिराप्पानं कपाळावर हात मारून घेतला. आलेल्या गाडीला आलेल्या ठिकाणी बघायचं, ही सगळ्या गॅरेजांची रीत. माणूस दवाखान्यात जातोय, दवाखाना माणसाच्या घरी जात न्हाई. तसं झालं.

जयराजला फोन केला तर त्येनं ठेवला. मग बिराप्पा फोन न करताच गेला. दुपारची येळ. मीटर पिशवीत, बाकी काय न्हाई. दारात जयराज, दोघं-चौघं दोस्त आणि वसरीवर त्येची आज्जी लीलाबाई, लसूण सोलत बसल्याली. बिराप्पाला बघून एका दोस्तानं म्हणलं, बॅटऱ्या आत घ्या रं. सगळी हसली.

बिराप्पा उन्हातच उभा ऱ्हायला. म्हणला, "दादा, मी गाडी दुरुस्त कराय आलो न्हाई. तुमच्या दारात, तुमच्या म्होरं मीटर लावतो. काय न्हाई गावलं तर माज्या गावात येऊन चोर म्हणा, मी मान खाली घालतो. गावलं तर काय करायचं ते तुमी सांगा."

जयराजला मजा वाटली. म्हणला, लाव. एका दोस्तानं मोबाईल काढला. गाडी कालच चार्जिंग करून ठेवलीती, चावी दिली. बिराप्पा गाडीच्या तोंडाकडं गेला, म्होरल्या डिकीचं झाकण उघडाय वाकला, तवर लीलाबाई लसूण टाकून उठली.

"थांब रं बाबा, देव काढू दे."

बिराप्पाचा हात तिथंच ऱ्हायला. "कसला देव, आज्जी?"

ती म्हातारी सरळ माणसागत सांगत सुटली. गाडी घेतली तवा तिनं नातवाला सांगितलंतं, एवढी जोरात पळणारी गाडी, हिच्यात देव पायजे आणि त्येच्याम्होरचा दिवा इझता कामा न्हाई. काचंजवळ देव ठेवला तर फोटूत वाईट दिसतंय म्हणून जयराजनं म्होरल्या डिकीत ठेवाय लावला. मलकापुरातल्या एका सजावटीच्या दुकानात दिवा बसवून घेतला. जोतिबाचा टाक, त्येच्याम्होरं पिवळा बल्ब, समईगत. कायम पेटल्याला. पर गाडी गॅरेजला न्यायची म्हणलं की आज्जी आधी स्वतःच्या हातानं पिन सोडवून देव दिव्यासकट काढून घ्यायची, देव्हाऱ्यात ठेवायची. गाडी घरी आली की आंघोळ करून परत जागेवर.

बिराप्पानं इच्यारलं, "का काढता, आज्जी?"

"आवं, गॅरेजात कुणाकुणाचं हात लागत्यात. इटाळ हुतोय."

 नंतर घरी मायाक्काला हे सांगताना बिराप्पाचा आवाज चढला. आगं, मी चप्पल काढून त्या गाडीत गेलो, म्हणला. आणि माजा हात लागतोय म्हणून देव काढला. आणि देव काढला म्हणूनच मला घावला न्हाई, आणि घावला न्हाई म्हणून मी चोर.

तिथं दारात त्यो एवढंच म्हणला की आज देव काढायचा न्हाई. झाकण त्येनं स्वतः उघडलं न्हाई, जयराजला उघडाय लावलं. आत फडक्याखाली पिवळा उजेड. त्या टोपणाच्या पिनेतनं तार गेल्याली, सरळ बॅटरीवर. डायरेक्ट. बिराप्पाच्या कानशिलावरची शीर उडाय लागली. पर हात शांत. नुसती मायनसची तार सोडली असती तर दिवा इझला असता. म्हणून त्येनं आधी मीटरच्या दोन्ही तारा जोडल्या, मग मायनस सोडली. दिवा लवला न्हाई. ज्या देवाला त्येचा हात चालत न्हवता, त्येचा दिवा त्येनं भरल्या रागात बी इझू दिला न्हाई.

कुलूप दाबलं, गाडी झोपूस्तवर सगळी तिथंच बसली. मग त्येनं जयराजला मीटर दाखवला. आकडा हुता तो सांगलीच्या शेडात कवाच दिसला न्हवता. जयराजला म्हणला, आता तुमच्या हातानं दिव्याची पिन काढा. जयराजनं काढली. आकडा पडला, इवलासा झाला. घाला. घातली. आकडा चढला. काढा. पडला. घाला. चढला. दोस्ताच्या मोबाईलवर सगळं गेलं.

"एवढासा दिवा," जयराज म्हणला.

"दिवसरात पेटतोय. गाडी हालत न्हाई. कुठनं भरणार बॅटरी?" बिराप्पा म्हणला.

मग काय झालं म्हणाल? सगळी हसाय लागली. आज्जीनं मारली बॅटरी, एक म्हणला. जोतिबानं चार्जिंग प्यालं, दुसरा म्हणला. जयराज पोट धरून हसला. लीलाबाई खुळ्यागत बघाय लागली, तिला काय कळंना आपलं काय चुकलं, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकलं बी न्हवतं, तिला कुणी इच्यारलंच न्हवतं. तिनं चहा ठेवाय सांगितला. बिराप्पा तसाच उभा. त्येंचं हसून हुस्तवर उभा ऱ्हायला.

"दादा, आता स्टेटस ठेवा. बिराप्पानं बॅटरी बदलली न्हवती म्हणून."

"आरं सोड की गड्या. मी काय मुद्दाम म्हणलोय व्हय? रागात माणूस बोलतोय. तो जुना कवाच गेला, स्टेटस दिवसभरच ऱ्हातंय."

"मोबाईलवरनं गेला. लोकांच्यातनं न्हाई गेला."

"बरं, ठेवतो. संध्याकाळी ठेवतो. चहा घे."

चहा न घेता बिराप्पा निघाला. निघायच्या आधी मातूर त्येनं एक काम केलं, जे केलं न्हाई तर त्येला झोप आली नसती. पिशवीत फ्यूज आणि बटण न्हवतं, म्हणून आज्जीला सांगितलं, गाडी उभी असंल तवा देव देव्हाऱ्यात, गाडी निघंल तवा गाडीत. आज्जी म्हणली, बरं बाबा. एवढंच. गाडी त्या दिसापासनं मेली न्हाई.

संध्याकाळी स्टेटस आला. लाल गाडीचा. कृष्णेच्या पुलावर उभी, आणि खाली लिवल्यालं, परत मैदानात. बिराप्पाचं नाव न्हाई, बॅटरीचं न्हाई, काय न्हाई. तो दोस्तानं घेतल्याला व्हिडिओ बी कुणाला धाडला न्हाई. का धाडतील? त्यात त्येंचीच चूक दिसत हुती. बिराप्पा रोज मोबाईल उघडून बघायचा. मायाक्का म्हणली, त्येंच्या दारात जाऊन परत मागा. ह्यो म्हणला, भीक न्हाई मागत. ब्राह्मीनं तेवढं तिच्या मोबाईलवर खरं काय ते लिवलं, पर ती पुण्यात, तिचं वाचणारी पुण्यात. मिरज रोडच्या ट्रॅक्टरवाल्याला काय त्येचं. त्यो स्टूल टाकूनच बसायचा.

पाडवा झाल्यावर एका दुपारी रिक्षाचा डायनामो मांडीवर घिऊन बिराप्पा बसला हुता, तसाच कलंडला. दवाखान्यात नेस्तवर संपलं. डॉक्टर म्हणलं हार्ट. आमी डॉक्टरला खोटं म्हणत न्हाई. पर डॉक्टरनं त्येला जेवणाच्या ताटावर तारा काढताना बघितलं न्हवतं.

गावाकडं अग्नी दिला. तिसऱ्या दिशी रक्षाविसर्जन. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला राख गोळा करून झाली की माईक लावत्यात आणि मोठी माणसं श्रद्धांजली वाहत्यात. गावातलं भाऊसो म्हणून जाणतं माणूस हाय, ते नावं पुकारत्यात. ओढ्याकाठी मांडव घातल्याला, बायका एकीकडं, गडी एकीकडं. तेवढ्यात चार गाड्या आल्या. लाल न्हवती, त्या रस्त्यावर ती आलीच नसती. जयराज उतरला, पांढरी कापडं, हातात हार. निवडणूक जवळ आलीती आणि आमच्या गावचं मतदान लय.

भाऊसोनं त्येचं नाव पुकारलं. जयराजनं माईक घेतला आणि सुरू झाला. बिराप्पा म्हंजे देशाची सेवा केलेला माणूस. आमच्या घरातला माणूस. प्रामाणिक, मनमिळाऊ. आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला हाय. असं सगळं. सगळीकडं हेच बोलत असंल.

मायाक्का बायकांत बसलीती. पदर डोळ्यावर. ती उठली. तिला कुणी उठताना बघितलंच न्हाई, बघितलं तवा ती गड्यांच्या मधी उभी हुती.

"दादा, बॅटरीचं सांगा."

जयराज थांबला. म्हणला, वैनी, आता त्या गोष्टी कशाला, ह्या येळेला.

"ह्याच येळेला. चोर म्हणताना येळ बघितलीवती का तुमी?"

भाऊसो म्हणलं, मायाक्का, बस खाली, माणसं आल्याती. बायकांनी हात धरला. तिनं हात सोडवून घेतला. मागं रिक्षावालं उभं हुतं सांगलीचं, मातीला आल्यालं, आज बी आल्यालं. त्येंनी मान खाली घातली. चुलत भाऊ बी तिथंच हुता, देवळाच्या पायरीवरचा. तो ओढ्याकडं बघाय लागला.

जयराज म्हणला, "एक गैरसमज झालावता, तो नंतर..."

"गैरसमज न्हाई," मायाक्का म्हणली. "शब्द सांगा. काय म्हणलावतासा त्येंना, ते सांगा. आणि खाणारं काय गावलं तुमच्या दारात, ते बी सांगा. न्हाईतर तो हार घिऊन जावा माघारी. त्येंच्या राखंवर तुमचा हार नगं."

  जयराजनं मागं आपल्या माणसांकडं बघितलं, त्येंच्यातला एक बी म्होरं आला न्हाई. मग त्येनं माईक खाली धरून कायतरी म्हणलं. म्होरच्या दोघा-चौघांनाच ऐकू गेलं असंल.

"तोंडाजवळ धरा," मायाक्का म्हणली. "सावधान म्हणून लिवलंतं तवा सगळ्या जिल्ह्यानं वाचलंतं."

त्येनं माईक वर घेतला. म्हणला, मी बिराप्पाला बॅटरीचोर म्हणलोतो. त्येनं बॅटरी बदलली न्हवती. आमच्या डिकीतल्या देवाच्या दिव्यानं बॅटरी उतरत हुती, ते त्येनंच आमच्या दारात येऊन दाखवलं. त्येनंतर बी मी कुणाला सांगितलं न्हाई. आवाज फाटला त्येचा, रडून का लाजंनं ते त्येलाच ठाऊक. ओढ्याच्या पल्याड मेंढरं चारणारी पोरं सुदिक ऐकत उभी ऱ्हायली.

मायाक्कानं हार घेतला न्हाई, घाला बी म्हणली न्हाई. माघारी जाऊन बायकांत बसली. जयराजनं हार घातला का तसाच नेला ते आमी बघितलं न्हाई, आमी मायाक्काकडं बघत हुतो. ती रडत न्हवती.  जाताना चुलत भाऊ तिच्या म्होरनं हात जोडून गेला, ती त्येच्याकडं बघितलीच न्हाई.

त्यो जित्ता असताना हे चार शब्द बोलाय काय झालंतं? त्या दुपारी दारात, चहा हुतोय तवर, मीटर अजून तारंला हुता तवर. एवढं म्हणला असता तर बिराप्पानं चहा बी घेतला असता, आणि दुसऱ्या दिशी फ्यूज आणि बटण घिऊन परत जाऊन दिवा नीट बसवून दिला असता. आता राख ओढ्यातनं खाली गेली आणि मग ह्येंची तोंडं उघडली.